पाठवले दोनशे बारा, सापडले दोनशे एकोणीस

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना सलाइनच्या बाटल्यांची रबरी बुचं करतो. दिवसाला साधारण दोन लाख. बूच कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि ते करणाऱ्यांचीही कुणी फारशी आठवण ठेवत नाही. म्हणून आमच्याकडे हजेरीला फार महत्त्व आहे.

मी हर्षा. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, मग संगणकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. सर्वणहून निघून डिचोलीला एकदा आणि म्हापशाला एकदा बस बदलत मी रोज तुयेला येते. कारखान्यात सहा संगणक आहेत आणि त्यांचं बघणारी मी एकटीच आहे.

२००२ सालापर्यंत हजेरी बाबलीकाकांच्या वहीत होती. बाबलीकाका म्हणजे फाटकावरचे रखवालदार. वय अठ्ठावन्न, गाव तुयेच. २००३ च्या एक जानेवारीला वही गेली आणि फाटकाजवळच्या खोलीत संगणक आला. वहीतली एप्रिलपासूनची हजेरी मी त्यात उतरवून घेतली. कामगारानं भिंतीवरच्या यंत्रासमोर कार्ड धरायचं, संगणक वेळ लिहून ठेवणार आणि यंत्रावर खूण उमटणार. खुणेखाली काय लिहायचं यावर तीन दिवस वाद झाला. अर्ध्या लोकांना मराठीत 'नोंद झाली' हवं होतं, अर्ध्यांना कोकणीत 'नोंद जाली'. गोवा राज्य होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण या दोन शब्दांत कुणी मागे हटेना. शेवटी आमच्या मॅनेजरांनी, बेळगावच्या सुधीरसरांनी, अक्षरंच काढून टाकली आणि नुसता हिरवा दिवा ठेवला.

"दिव्याला भाषा नसते," ते म्हणाले.

उद्घाटनाला मी दोन मिनिटं बोलले. म्हणाले, हिरवा दिवा लागला म्हणजे तुमचा दिवस लिहिला गेला. मग काळजी करू नका.

"आनी लिवक नाय तर?" बाबलीकाकांनी विचारलं.

"तर दिवा लागणारच नाही."

हे वाक्य मी माझ्या जबाबदारीवर बोलले होते. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

संगणकाबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. त्याला 'हे लिही' म्हटलं की तो लगेच 'लिहिलं' म्हणतो, पण लिहीत नाही. ते आपल्या स्मृतीत धरून ठेवतो आणि सवडीनं तबकडीकडे, म्हणजे हार्ड डिस्ककडे, पाठवतो. तेही आलेल्या क्रमानं नाही, सोयीच्या क्रमानं. आमच्याकडे सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर असंच करतो. आदल्या दिवशी पाव आधी कुणी सांगितले हे तो बघत नाही, वाटेत आधी कुणाचं घर लागतं ते बघतो. पावाचं एवढ्यावर भागतं. हजेरीचं भागत नाही, कारण मधेच वीज गेली तर स्मृतीतलं सगळं जातं. म्हणून एक खास आज्ञा असते: आत्ता, तबकडीवर, आणि ते झाल्याशिवाय उत्तर देऊ नकोस. मी प्रत्येक कार्डामागे ती आज्ञा घातली होती. त्यानंतरच दिवा लागत होता. माझ्या बाजूनं चूक नव्हती.

पण तबकडीच्या पेटीतही तिची स्वतःची छोटी स्मृती असते. ती पेटी काय करते हे मी तपासलं नव्हतं. कंपनीच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवला होता.

एकवीस मार्चला सुधीरसरांनी महिनाअखेरपर्यंतचे दिवस धरून कायम करायच्या कामगारांची कच्ची यादी लावली. ठरलेला नियम असा होता की एकतीस मार्चपर्यंत दोनशे चाळीस दिवस भरतील तो कायम. एक दिवस कमी पडला तर कंत्राट संपलं, जूनमध्ये पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

दुपारी मंगल माझ्याकडे आली. मंगल चंदगडकडची. बुचांच्या कडा कापायच्या यंत्रावर असते. नवऱ्याची पाठ धरलेली, मुलगी इथल्या शाळेत सातवीत. जूनच्या सतरा तारखेपासून तिनं एकही रजा घेतली नव्हती.

"बाई, माजं दोनशे एकोणचाळीस कसं वो हुत्यात?"

मी तिच्या देखत नोंदी काढल्या. अकरा फेब्रुवारी, मंगळवार, तिचं नाव नव्हतं.

"त्या दिवशी आली होतीस?"

"या, दावतो."

तिनं मला बायकांच्या खोलीत नेलं आणि आपल्या कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला टिकल्या चिकटवलेल्या होत्या. मोहरीएवढ्या, लाल. आठवड्याची एक ओळ, ओळीत सहा, सुट्टीच्या जागी नखानं मारलेली रेघ. फेब्रुवारीचा तो आठवडा भरलेला होता. मी सगळ्या टिकल्या दोनदा मोजल्या. कारखान्यात इतकी व्यवस्थित नोंद दुसरी नव्हती.

"दिवा लागला होता?" मी विचारलं.

"हिरवागार. आनि लगीच लाइट गेली. बाबलीमामा म्हनाले बी, आत्ता अंधारात बुचं काप म्हनून."

मला आठवलं. त्या सकाळी सात अठ्ठावन्नला वीज गेली होती. संगणकासाठी घेतलेल्या बॅटरीवर तेव्हा सुधीरसरांच्या केबिनमधला पंखा चालत होता, आणि अजूनही चालतो. वीज जाण्याआधीच्या अकरा कार्डांची नोंद फाइलमध्ये नव्हती. दहाजणांकडे पुरेसे जादा दिवस होते. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी सुधीरसरांकडे गेले.

"टिकल्या म्हणजे रेकॉर्ड नव्हे की हो," ते म्हणाले.

"बाबलीकाकांनी तिला बघितलंय. त्या दिवशी तिनं कापलेली बुचंही आहेत."

"बुचांवर नाव असतं होय? हे बघा हर्षा मॅडम, मी वाईट माणूस नाही. पण वर मला कोणी विचारलं तर दाखवायला कागद पाहिजे. तुमची पेटी खोटं बोलते हे माझ्यासमोर सिद्ध करा, मी तिचा दिवस धरतो. शुक्रवारी साडेबाराला या. एकतीसला चारला पक्की यादी निघणार."

म्हणजे तपासणी करायची. ती सोपी असते. हजेरीच्या संगणकाला माझा संगणक तारेनं जोडला. माझ्या संगणकानं एक आकडा पाठवायचा, त्यानं तो लिहून 'लिहिलं' असं उत्तर द्यायचं, उत्तर आलं की पुढचा आकडा. एक, दोन, तीन. मधेच हजेरीच्या संगणकाची वायर उपटायची. पुन्हा चालू करून बघायचं, की किती आकडे 'लिहिलं' म्हणाला आणि तबकडीवर खरोखर किती आहेत.

वायर उपटायचं काम बाबलीकाकांनी मागून घेतलं. सोमवारी आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही ते तीनदा केलं. एकदा तीन आकडे कमी, एकदा अकरा, एकदा सात. पेटी खोटंच बोलत होती. आकडे आपल्या छोट्या स्मृतीत घेऊन ती आधीच हो म्हणत होती. यावर उपाय आहे, एका ओळीची आज्ञा देऊन ती स्मृती बंद करता येते. पण शुक्रवारी सरांना आजार दाखवायचा होता, म्हणून मी औषध दिलं नाही.

हे मी बाबलीकाकांना समजावून सांगितलं. ते विडी विझवून म्हणाले, "बाय, देवळात आमी कौल लावतो. देवाक वल्यो पाकळ्यो चिकटयतो, इचारतो आनी रवतो. उजवी पाकळी पडली तर व्हय. देव सुदीक पाकळी पडासर रवता. तुझी पेटी इचारूच्या आदीच व्हय म्हणता. हेका पेटयेचो दोष म्हणू नको. क्रम चुकलो."

"कसला क्रम?"

त्यांनी फाटकाबाहेर बोट दाखवलं. तिथे काजऱ्याच्या झाडाखाली गुडघाभर उंचीचा एक दगड आहे, या जागेचा राखणदार. वसाहत झाली तेव्हा कुंपणाची भिंत त्याच्यापाशी दीड मीटर आत वळवावी लागली. नकाशात ती सरळ आहे.

"एक तारखेक सायबान नारळ आदी पेटयेफुडे फोडलो. राखणदाराची याद जेवणाउपरांत आयली. तेकाय नारळाची अर्दीच कवड. आदी जाग्याक सांगूंक जाय, मागीर बाकीच्यांक. तां कोण सांगतलो?"

हे सांगण्याचा मान त्यांच्याच घराण्याकडे आहे. ते सांगायला मोकळे होते आणि मला त्यात काही म्हणायचं नव्हतं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नारळ, विडी आणि पानाचा विडा दगडापुढे ठेवून गाऱ्हाणं घातलं. वीस-पंचवीस कामगार जमले. सुधीरसर लांब उभे होते, फोनवर बोलत असल्यासारखे.

"बा म्हाराजा! तुझ्या हद्दीत ही पेटी आणून ठेयली, तुका आदी सांगूंक नाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"झाली चूक पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

"ही पेटी लिवलंय म्हणता आनी लिवणा नाय! हिका तोंड सांबाळून उलोवक शिकय!"

"व्हय म्हाराजा!" यात फोनवरचा आवाजही होता.

"ह्या फाटकात्सून जो कोण भितर येयत, तेचो दीस हिच्या पोटात रवांदे! झालेलो नाय, होवचो नाय, एक दीस चुकां नये!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणाले. गर्दीत तेवढं एक न म्हणणं विचित्र दिसलं असतं.

शुक्रवारी साडेबाराला सुधीरसर खुर्ची घेऊन बसले. मंगल दाराशी उभी होती. आकडे पळायला लागले. बाबलीकाकांनी सरांकडे बघितलं, सरांनी मान हलवली, त्यांनी वायर उपटली. माझ्या संगणकावर शेवटचा आकडा दोनशे बारा होता.

हजेरीचा संगणक चालू झाला. मी फाइल उघडली.

दोनशे एकोणीस.

"हं," सर म्हणाले. "किती कमी?"

कमी नव्हते. दोनशे तेरा ते दोनशे एकोणीस हे आकडे माझ्या संगणकानं पाठवलेच नव्हते. तारेतून गेलेल्या प्रत्येक आकड्याची मी वेगळी नोंद ठेवत होते. तिच्यातही दोनशे बाराच होता.

"परत करू," मी म्हणाले.

पाठवले तीनशे चाळीस, सापडले तीनशे बावन्न. मी तार बदलली. पाठवले सत्त्याण्णव, सापडले एकशे अठरा.

सुधीरसर उठले. "म्हणजे तुमची पेटी दिवस गाळत नाही, वाढवते. हो की नाही? मग मंगलचे दोनशे एकोणचाळीस तरी खरे कशावरून? दोनशे तीसच असतील."

मंगल माझ्याकडे बघत होती. आकड्यांचं तिला कळलं नव्हतं, सरांचं कळलं होतं.

"एकतीसला चारला," म्हणून सर खुर्ची घेऊन गेले.

त्या दिवशी म्हापशाला माझी बस चुकली. मला दिसतच नव्हती असं नाही, ती समोर उभी होती. मी विचार करत होते. ओळीनं येणारे आकडे असतील तर पुढचा कुणीही सांगेल, एखादी बिघडलेली पेटीही. पाठवायचे आकडे ओळीतले नसायला हवेत. ज्यांचा अंदाज करता येणार नाही असे हवेत.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी मंगलला खोलीबाहेर, खिडकीच्या भिंतीला पाठ लावून स्टुलावर बसवलं. आतल्या संगणकांचे पडदे तिला दिसत नव्हते.

"तुझ्या मनात येतील ते आकडे मोठ्यानं सांगत राहा. मी टाइप करते. बाबलीकाका मधेच कधीतरी वायर काढतील. मग थांब."

"मनात आकडं न्हाई येत बाई. मनात मानसं येत्यात."

"मग माणसांचे सांग."

तिला ते जमलं. कुणाचा घर नंबर, कुणाचं वय, कुणाला मुलं किती, गावाकडच्या बसचा नंबर. मी टाइप करत होते. बाबलीकाका वायरीवर हात ठेवून छपराकडे बघत बसले होते. एकतिसाव्या आकड्याला त्यांनी वायर उपटली.

"थांब," मी म्हणाले. ती थांबली.

फाइलमध्ये छत्तीस आकडे होते.

जादा पाच मी कागदावर उतरवले. नऊ. चव्वेचाळीस. एक हजार आठ. सहा. त्रेसष्ट. कागदाची घडी घालून बाबलीकाकांच्या हातात दिली आणि खिडकीशी गेले.

"मंगल, आणखी पाच सांग."

"आता आनि कुनाचं सांगू?" तिनं पदर खोचून घेतला. "नऊ."

बाहेर कुणीतरी डबा धूत होतं. नळाचा आवाज येत होता.

"चव्वेचाळीस. एक हजार आठ, ती आमच्या वाड्याची मोटार हाय. सहा."

मग ती थांबली. मी वाट पाहिली. ती उठली, साडी झटकली. "बास झालं बाई. आनि सुचत न्हाई."

मला एवढं हलकं वाटलं की मी खिडकीच्या गजाला टेकले. चार जुळणं हासुद्धा योगायोग असू शकत नाही, पण पाचपेक्षा चार बरे. एका चुकलेल्या आकड्यावर मी आयुष्यभर उभी राहू शकले असते.

मंगल पायऱ्या उतरून कडा कापायच्या विभागाच्या दारापर्यंत गेली आणि तिथून वळून ओरडली, "त्रेसष्ट! सासूचं वय! मगाधरनं आठवना झालं हुतं!"

बाबलीकाकांनी कागद उघडला. वाचला. पुन्हा घडी घातली.

"बाय," ते म्हणाले, "माजी चूक. गाऱ्हाण्यात म्हाराजाक हद्द घालूंक विसरलंय. झालेलो दीस म्हटलंय, होवचोय म्हटलंय. खंयसर थांबूचां तां सांगूंक नाय."

"मग परत गाऱ्हाणं घाला."

"एकदा दिल्लां काम मदीच काढून घेवक जाता? तो काय कंत्राटी हा?"

सोमवारी, एकतीस मार्चला, माझ्याकडे सरांना दाखवण्यासारखं काही नव्हतं. होतं ते दाखवण्यासारखं नव्हतं. साडेतीनला बाबलीकाका माझ्या टेबलाशी आले.

"एक वळ लिवची. अकरा फेब्रुवारी, मंगलचां नाव. तुका येता मगे?"

येत होतं. एका नोंदीला बत्तीस बाइट लागतात. मी ते अर्ध्या मिनिटात केलं असतं आणि कुणाला कधी कळलं नसतं. मी खरंच हात कीबोर्डवर ठेवले. पण ती ओळ मी हातानं घातली असती, तर त्या दिव्याला पुढे काही अर्थ उरला नसता. मी बाबलीकाकांना हे सांगितलं.

"अर्थ पोरीच्या शाळेची फी भरता काय गो?" ते म्हणाले आणि फाटकावर निघून गेले.

पावणेचारला वीज गेली. कुणी वायर उपटली नव्हती, नेहमीसारखी गेली. सरांचा पंखा चालू राहिला. चारला दहा मिनिटं असताना ती परत आली. हजेरीचा संगणक चालू झाला, त्यानं आपल्या नोंदी तपासल्या, सगळं ठीक म्हणाला. सर आले, मंगल आली, बाबलीकाकाही आले. मी छापायची आज्ञा दिली.

आमचा प्रिंटर जुना, सुयांचा. कागद सलग, घड्यांचा. तो कर्कशपणे एप्रिल, मे, जून अशी मागच्या वर्षाची पानं छापत आला. फेब्रुवारी आला. अकरा तारखेला मंगलचं नाव नव्हतं. मार्च आला. एकतीस तारीख आली. मंगल, एकूण दोनशे एकोणचाळीस.

"झालं," सर म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. मंगलनं पदर तोंडाला लावला.

प्रिंटर थांबला नाही.

१ एप्रिल २००३. पहिली नोंद, सात बेचाळीस. दुसरी, सात त्रेचाळीस. नावं आमचीच होती.

"हे काय आहे?" सर म्हणाले. "उद्याचं आहे हे."

मी बोटानं एक ओळ दाखवली. सात वाजून एक्कावन्न मिनिटं चौदा सेकंद. मंगल. कार्ड, का-११८.

तात्पुरत्या कामगारांची कार्डं 'ता'नं सुरू होतात. कायम झालेल्यांची 'का'नं.

सर झटकन केबिनमध्ये गेले आणि खणातून निळ्या कार्डांचं पाकीट घेऊन आले. त्यांनी सगळ्यात वरचं कार्ड काढलं. ती कार्डं त्याच सकाळी आली होती आणि त्यांच्याशिवाय कुणी बघितली नव्हती. वरचं कार्ड का-११८ होतं.

प्रिंटर दोन एप्रिलला पोचला होता.

सुधीरसर खुर्चीत बसले. माणूस नियमाचा, आणि त्या क्षणी त्यांच्याजवळ नियमाशिवाय काही नव्हतं. ते त्यालाच धरून मोठ्यानं विचार करायला लागले.

"दोनशे चाळीस भरल्याशिवाय कायम करता येत नाही. बरोबर?"

"हो सर."

"उद्या ती कायम आहे. रेकॉर्डला आहे. बरोबर?"

"छापलंय सर."

"म्हणजे तिचे दोनशे चाळीस भरलेत. म्हणजे दोनशे एकोणचाळीस हा आकडा चुकीचा आहे. हो की नाही?" त्यांनी घाम पुसला. "वर कोणी विचारलं तर कागद आहे."

त्यांनी यादीवर मंगलचं नाव हातानं लिहिलं, सही केली आणि निळं कार्ड तिला दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं.

"पेढे आणा उद्या," सर म्हणाले. मग प्रिंटरकडे बघून म्हणाले, "आणि हे बंद करा की कोणीतरी."

मला बंद करावं लागलं नाही. कागदाचा गठ्ठा संपला. शेवटच्या पानावर सप्टेंबर होता. बाबलीकाकांनी सगळा कागद गोळा केला आणि कुणाला न विचारता काजऱ्याखाली नेऊन जाळला.

रात्री मला झोप लागली. मी हे मुद्दाम लिहिते, कारण वाचणाऱ्याला उलटं वाटेल. मंगल कायम झाली होती. बाकी सगळं माझ्या विषयातलं होतं आणि त्याचा विचार सकाळी करता येण्यासारखा होता.

सकाळी मी साडेसातलाच फाटकावर उभी राहिले. घड्याळ आकाशवाणीच्या वेळेवर लावलं होतं.

सात पन्नासला मंगल वळणावर दिसली. हातात पेढ्यांचा पुडा. बाबलीकाकांपाशी थांबली, त्यांना पेढा दिला. ते नको म्हणाले, साखरेचं. ती म्हणाली, अर्धा तरी घ्यावा. त्यांनी अर्धा घेतला. उरलेला अर्धा तिनं तोंडात टाकला, बोटं रुमालाला पुसली, नवं कार्ड काढलं, ते उलटं धरलंय हे बघून सरळ केलं.

सात एक्कावन्न, चौदा सेकंद. हिरवा दिवा.

मी आत जाऊन फाइल बघितली. तिची नोंद होती. एकच होती. आता, या क्षणी, फाइलच्या शेवटी तिची दुसरी पडायला हवी होती, कारण माझा प्रोग्रॅम आधी काय लिहिलंय ते बघत नाही. आलं की शेवटी जोडतो. पडली नव्हती. तिच्यामागून आलेल्या नऊजणांचीही पडली नाही. नऊ वेळा दिवा लागला. नऊ वेळा फाइलचा आकार तेवढाच राहिला.

मंगल दारातून डोकावली. "बाई, पेढा घ्या. आनि एक इचारू? त्या कागदात माजं कुठवर हुतं वो?"

"कागद संपला होता," मी म्हणाले. ते खरं होतं.

"आनि पेटीत?"

"ते मी बघितलं नाही."

"कदी सवड झाली तर बगा," ती म्हणाली आणि पाळीवर गेली.

तेही खरं होतं. मी फाइल सप्टेंबरच्या पुढे उघडलेली नाही. त्याची गरजही नाही. आकार पडद्यावर कोपऱ्यात दिसतच असतो. एका नोंदीला बत्तीस बाइट, दिवसाला दीडशे नोंदी, वर्षाला तीनशे दिवस. पेटीनं किती वर्षं पुढपर्यंत लिहून ठेवलंय, हा भागाकार मला तोंडी येतो. म्हणून रोज सकाळी आकार तपासताना मी डावीकडचे अंक तळहातानं झाकते आणि फक्त शेवटचे तीन बघते. ते अजून बदललेले नाहीत.